करपावाल्या बाई

करपावाल्या बाई मागच्या वर्षी आश्विनात, हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान कापणीला आला त्या आठवड्यात, सोमवारी सकाळी गोंदियातल्या एका खाजगी दवाखान्यात वारल्या. मूत्रपिंडे निकामी झाली होती. अंत्यसंस्कार त्याच दिवशी दुपारी सौंदडला, त्यांच्या भावाच्या गावी झाले. दुसऱ्या दिवशीच्या अंकात चार ओळींची बातमी आली. ती मीच केली होती. बातमीत त्यांचे कागदोपत्री नाव होते, हुद्दा होता, आणि गोंदियाच्या एका महाविद्यालयात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असा उल्लेख होता. त्या नावाने त्यांना गावांत कोणी ओळखत नव्हते. त्यामुळे ज्यांना बातमी कळायला हवी होती त्यांना ती कळली नाही. काही दिवसांनी कामठ्याच्या झनकलालभाऊंचा मला फोन आला. धान कापून राहिलो, बाईले केव्हा आणता, असे ते विचारत होते.

करपा हा धानावरचा बुरशीचा रोग. पानावर डोळ्याच्या आकाराचे राखी ठिपके पडतात, ते एकमेकांत मिसळतात आणि पान जळल्यासारखे दिसते. तोच रोग लोंबीच्या मानेवर उतरला की मान मोडते आणि दाणा भरत नाही. धानात करपा दिसला की बाई स्कूटी घेऊन गावात हजर होत, म्हणून हे नाव पडले. एका गावात पारावर बसलेले एक म्हातारे त्यांना पाहिले की तोंड फिरवत आणि ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "आली बाई. झालं मग यंदाचं." बाई त्यांच्यापाशी स्कूटी थांबवत. करपा आपण आणत नाही, तो आला की आपण येतो, हे त्यांनी म्हाताऱ्यांना दर वर्षी त्याच शब्दांत समजावले. म्हाताऱ्यांचे मत बदलले नाही.

शेतात गेल्यावर बाई रोगट पान पाहत नसत. शेतकरी जळलेली पाने मुठीत धरून उभा असे आणि बाई त्याच्या बाजूने निघून धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पुढे जात. "हे मले माहीत आहे," त्या म्हणत. "यात जो नाही मेला तो दाखवा." पूर्ण जळलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, रोपांचे एखादे धसकट हिरवे उभे असे. बाई चपला धुऱ्यावर काढून चिखलात उतरत, त्या धसकटाचे पान चिमट्याने धरून कापत आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळत. ज्याचे नुकसान झाले त्याला हे पाहून राग येई. केशोरीच्या एका शेतकऱ्याने त्यांना तोंडावर विचारले होते की, माझी सारी बांधी जळून गेली आणि तुम्ही एक पान घेऊन कायले चालल्या? बाई म्हणाल्या, "बांधी कशाने जळली ते सगळ्यांले ठाऊक आहे. हे काऊन नाही जळले ते कोणालेच ठाऊक नाही."

त्यांची माझी ओळख कागदामुळे झाली. पाने बांधायला त्यांना वर्तमानपत्राचा कागदच लागे, कारण प्लॅस्टिकच्या पिशवीत पानाला घाम येतो. आमच्या कार्यालयातून त्या जुने अंक मागून नेत. वरचा अंक उलटा करून कृषी पान वाचत, त्यातली चूक सांगत आणि मग गठ्ठा काखेत मारत. "तुमचा पेपर चांगला आहे," त्या पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या. "पाणी लवकर शोषते." त्यानंतर हंगामात एखाद्या दुपारी मी त्यांच्या मागे स्कूटीवर बसून जात असे. बातमी दर वेळी होत नसे.

प्रयोगशाळेत त्या पान काचेच्या बशीतल्या थिजलेल्या खाद्यावर अलगद दाबून उचलून घेत. दोन-तीन दिवसांनी बशीत पान उमटे. शिरा, कडा, टोक, सगळे. ती रेघ रंगाची नसे, पानावर राहणाऱ्या जिवाणूंच्या वस्त्यांची असे. हे खाद्य बटाट्याच्या पाण्याचे करतात. त्यासाठी बाई रोज कुकर लावत. चौकीदार म्हणायचा, मॅडम रोज आलू उबालती है, खिलाती किसी को नहीं.

पानावर जिवाणू असतात हे शेतकऱ्यांना सांगणे सोपे नव्हते. दिसत नाही ते आहे कसे, हा पहिला प्रश्न. आहे तर धुऊन काऊन टाकत नाही, हा दुसरा. बाईंनी यासाठी एसटीचा दाखला शोधला होता. आमगावची गाडी लागली की माणूस खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो. मागून येणाऱ्याला उभे राहावे लागते. पानावर चांगला जीव आधी बसला तर बुरशीला बसायला जागा मिळत नाही, शिवाय काही जीव असे असतात की शेजारी बसणाऱ्या बुरशीला वाढूच देत नाहीत. एका सभेत कोणीतरी मागून विचारले की, रुमाल टाकूनही भांडण होतेच ना बाई? बाई म्हणाल्या, होते. त्या भांडणात कोण जिंकते तेच आपण पाहून राहिलो.

केशोरीच्या त्या हिरव्या धसकटावरून त्यांना मिळालेला एक जिवाणू भांडणात जिंकत होता. बशीत एका बाजूला बुरशी आणि दुसऱ्या बाजूला तो ठेवला की बुरशी त्याच्या अलीकडे थांबे. बाईंनी त्याला गावाचेच नाव दिले, केशोरी. पण बशीत जिंकणे आणि बांधीत जिंकणे वेगळे. बांधीत ऊन असते, पाऊस असतो, आधीपासून बसलेले दुसरे जीव असतात. शिवाय असा जिवाणू नळीत जिवंत ठेवायचा तर त्याला ठरावीक काळाने नव्या खाद्यावर न्यावे लागते. ते काम बाई स्वतः करत. त्यांच्या मूत्रपिंडांचा आजार तेव्हा कळलेला होता. बाहेरच्या एका मोठ्या संस्थेकडे असे जिवाणू कायमचे जपून ठेवण्याची सोय होती. शेतात गुण दिसला तर केशोरी ठेवून घेऊ, असे त्या संस्थेने कबूल केले. म्हणजे बाईंना एका हंगामात एका बांधीत केशोरी जिंकताना दाखवायचा होता. तो नळीतून त्या संस्थेत पोचला की आपल्यानंतर त्याचे काय, हा प्रश्न उरणार नव्हता. त्यांनी हे मला स्कूटी चालवताना सांगितले, आणि लगेच पुढचा खड्डा सांगितला.

बांधी दिली कामठ्याच्या झनकलालभाऊंनी. पोवार, घरचा धान, तीन पिढ्यांची जमीन. घरात पोवारी बोलत, बाईंशी झाडीबोली, आणि फोनवर हिंदी, मग पलीकडे कोणीही असो. त्यांनी शेजारशेजारच्या बांध्या दिल्या. एकीत केशोरी फवारायचा, एकीत काहीच नाही, एकीत नेहमीचे बुरशीनाशक. पहिली फवारणी बाईंनी समोर उभे राहून करून घेतली. दुसरीच्या दिवशी त्यांचा रक्तदाब वाढला होता. त्यांनी बाटली पाठवली आणि किती पाण्यात किती टाकायचे ते बाटलीवर लिहून चिकटवले.

आपल्या भागात पंप एकदाच पाठीवर घेतात. ओला पंप घेऊन गुडघाभर चिखलात बांधीमागून बांधी फिरायचे काम कोणाला दोनदा नको असते. म्हणून बुरशीचे औषध, किडीचे औषध, टॉनिक, जस्त, दुकानदार जे देईल ते सगळे एकाच पंपात कालवतात. झनकलालभाऊंच्या शेजारी मंगल नावाच्या शेतकऱ्याची बांधी होती. त्या आठवड्यात तिथे कडा करपा दिसला. हा रोग नावाने करप्याचा भाऊ असला तरी बुरशीचा नाही. तो जिवाणूंमुळे होतो, पानाच्या कडा पिवळ्या पडत जातात, आणि त्यावर जिवाणू मारणारी एक पुडी मिळते. झनकलालभाऊंनी बाईंची बांधी जपायची म्हणून ती पुडी आणली.

निकाल पाहायला संस्थेची समिती आली तेव्हा लोंब्या निसवल्या होत्या. संस्थेचे तीन जण होते, बाई होत्या, धुऱ्यावर झनकलालभाऊ आणि त्यांची बायको. काही न फवारलेल्या बांधीत करपा होता. बाईंच्या बांधीतही तितकाच होता. समितीतल्या वयस्कर सदस्यांनी दोन्ही बांध्यांत फिरून पाहिले आणि फरक दिसत नाही, असे सांगितले. बाईंनी चिखलात वाकून पाने पाहिली. मग त्या वर आल्या.

"झनकलालभाऊ, दुसऱ्या फवारणीले पंपात काय काय होते?"

"काही नाई जी. तुमची बाटली अन् पानी."

"अन्?"

"अन् ते पुडी. मंगलच्या बांधीत कडा करपा दिसून रायला होता ना. म्हटलं आपल्या बांधीत येऊन जाईल. एकाच पंपात दोनी कामं होऊन जाते."

झनकलालभाऊ हे लपवण्यासारखे समजत नव्हते. उलट काळजी घेतल्याचे सांगत होते. समितीतला तरुण सदस्य त्यांना समजावू लागला की, पुडी जिवाणू मारण्यासाठीच असते. झनकलालभाऊंनी ऐकून घेतले. "पण ते तं खराब जिवाणू मारते," ते म्हणाले. "दुकानदारानं तसंच सांगितलं."

"पुडीले काय समजते भाऊ," बाई म्हणाल्या, "कोणता आपला अन् कोणता मंगलचा."

झनकलालभाऊंची बायको तेव्हा बोलली. "यायले म्हटलं होतं मी, बाईले एक फोन लावून पाहा. तं म्हणे, बाईची तब्येत बरी नाई, कायले तरास."

बाईंनी समितीला प्रयोग बिघडल्याचे सांगितले. वयस्कर सदस्यांनी सहानुभूतीने पण स्पष्ट उत्तर दिले. शेतकरी असाच फवारणार. जो जिवाणू शेतकऱ्याच्या पंपात टिकत नाही त्याचा शेतकऱ्याला उपयोग काय? पुढच्या हंगामाचा निकाल आणा, तोवर नळ्या घेता येणार नाहीत. बाई म्हणाल्या, बरोबर आहे. परतताना मी विचारले, खरेच बरोबर आहे का? त्या म्हणाल्या की, अर्धे बरोबर आहे, पण अर्धे चूक सांगायला तिथे उभे राहिलो असतो तर त्यांची गाडी चुकली असती.

समिती गेल्यावर झनकलालभाऊ बाईंजवळ आले. "माझ्यानंच झालं ना जी हे?"

"हो," बाई म्हणाल्या. "तुमच्यानंच झालं. पुढच्या साली पुडी नका टाकू. चहा ठेवायले सांगा, बिनासाखरेचा."

पुढच्या साली बाईंचे डायलिसिस सुरू होते. वर्गावर जाणे त्यांनी थांबवले होते, प्रयोगशाळेत जाणे थांबवले नव्हते. डायलिसिससाठी हातातली शीर जोडून घेतलेली असल्याने चिखलात उतरायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. बाईंनी त्यांना विचारले, धुऱ्यावर उभे राहिले तर चालेल? डॉक्टरांना धुरा म्हणजे काय ते माहीत नव्हते. बाईंनी समजावून सांगितले, आणि ते कळल्यावर डॉक्टर नाही म्हणाले.

दुसऱ्या प्रयोगाची फवारणी त्यांनी झनकलालभाऊंच्या घरापुढच्या सपरीत खुर्ची टाकून केली, म्हणजे करून घेतली. आधी पंप मागवला. झाकण काढून वास घेतला. पुन्हा धुऊन आणा, म्हणाल्या. झनकलालभाऊ आत गेले, हापशीवर पंप धुतला, आणला. बाईंनी पुन्हा वास घेतला, पुन्हा परत पाठवला. मंगल कुंपणापाशी उभा राहून पाहत होता. त्याने झनकलालभाऊंना हाक मारून विचारले, "काऊन गा, नवरीले आंघोळ घालून रायला का?" सपरीत बसलेल्या बाई हसल्या. त्या दिवशी मी त्यांना हसताना पाहिले ते तेवढेच. बाटली रिकामी केल्यावर झनकलालभाऊंनी ती उलटी करून बाईंना दाखवली आणि खिसेही बाहेर काढून दाखवले.

भाद्रपदात पाऊस थांबला. आश्विनात रात्री दवही फारसे पडले नाही. बाई तोवर दवाखान्यात भरती झाल्या होत्या. बांधी पाहून येण्याचे काम त्यांनी मला सांगितले. कसे पाहायचे तेही सांगितले. धुऱ्याकडची धसकटे सोडायची. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरके चालायचे, ठरावीक पावलांवर थांबायचे आणि पायाशी जे धसकट येईल तेच पाहायचे, चांगले किंवा वाईट निवडायचे नाही. "तुम्ही लोक निवडता," त्या म्हणाल्या. "बातमीले निवडावं लागते. इथं नका निवडू." मी तिन्ही बांध्यांत तसा चाललो आणि पाहिले ते कागदावर मांडून दवाखान्यात गेलो.

केशोरीच्या बांधीत करपा जवळजवळ नव्हता. मी ते आधी सांगितले. बाईंचे डोळे मिटलेले होते.

"अन् बिनाफवारणीच्या बांधीत?"

तिथेही फारसा नव्हता. करप्याला ओल लागते आणि हवामान कोरडे गेले होते. त्या वर्षी कामठ्यात करपा कोणाच्याच बांधीत म्हणावा तसा आला नव्हता.

"मग काही सिद्ध नाही झालं," बाई म्हणाल्या. "तसंच सांगा त्यायले. चांगलं करून नका सांगू."

संस्थेला मी तसेच कळवले. त्यांनी नळ्या घेतल्या नाहीत. पुढच्या सोमवारी बाई गेल्या.

झनकलालभाऊंचा फोन आला तेव्हा मी त्यांना बाई गेल्याचे सांगितले. मागे धान कापणाऱ्या बायांचे बोलणे ऐकू येत होते. मग त्यांनी विचारले की त्या बांधीचा धान वेगळा ठेवायचा की बाकीच्यात मिसळायचा. बाईंनी त्याविषयी काही सांगितल्याचे मला आठवत नव्हते. मी तसे म्हणालो. त्यांनी तो वेगळा ठेवला.

केशोरीच्या नळ्या महाविद्यालयाच्या फ्रिजमध्ये होत्या. बाईंची जुनी विद्यार्थिनी मनीषा त्याच विभागात शिकवते. हिवाळ्यात तिने त्या जिवाणूला नव्या खाद्यावर नेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत फ्रिज बंद पडला. कधी पडला ते कोणाला माहीत नाही, कारण इमारत बंद होती. आषाढात मनीषाने प्रत्येक नळीतून थोडे घेऊन बश्यांवर लावले. एकाही बशीत काही वाढले नाही. तिने पुन्हा लावले. पुन्हा काही वाढले नाही. त्यानंतर ती आणि मी केशोरीला गेलो. ज्या बांधीतून बाईंनी ते पान आणले होते तिथे आता मिरची लावतात.

परतीच्या वाटेवर मनीषाने सांगितले की, हे जिवाणू कधीकधी धानाच्या बियाण्यासोबत पुढच्या पिकात जातात. नेहमी जातातच असे नाही. झनकलालभाऊंनी वेगळा ठेवलेला धान घरात आहे, हे मी तिला सांगितले. तिने फोन लावला. झनकलालभाऊंनी सांगितले की तो धान घरात नाही, रोपांसाठी त्याचे पऱ्हे टाकून झाले आहेत आणि ते बाईंच्या बांधीतच रोवायचे आहेत. बियाण्याला औषध लावले का, असे मनीषाने विचारले. ते म्हणाले, "नाई लावलं. पंपबी धुऊन ठेवला."

गेल्या आठवड्यात मनीषाने त्या बांधीतून पाने आणली. बश्यांवर पाने उमटली आहेत आणि त्यांत बऱ्याच प्रकारचे जिवाणू आहेत. त्यांतला एखादा केशोरी असू शकेल. पण ताडून पाहायला मूळ केशोरी उरलेला नाही, त्यामुळे नावानिशी खात्री आता होणार नाही, असे मनीषा म्हणते. त्यांतला कोणता बुरशीला थांबवतो, एवढे पाहता येईल. ते काम चालू आहे. पुन्हा पाने नेईपर्यंत बांधीत काही फवारू नका, असे झनकलालभाऊंना सांगायला ती घाबरत होती, कारण यंदा पाऊस अजून थांबलेला नाही, रात्री दव पडते आणि मंगलच्या बांधीत करपा आला आहे. मंगलने दोन फवारण्या केल्या. त्याने झनकलालभाऊंना विचारले की, बाई गेली, बाटली गेली, आता कोनासाठी बांधी ठेवून रायला? हे मला झनकलालभाऊंच्या बायकोने सांगितले.

मी काल सायंकाळी कामठ्याला जाऊन आलो. मंगलच्या बाजूच्या धुऱ्यालगत झनकलालभाऊंच्या बांधीत काही पानांवर ठिपके आहेत. आतल्या भागात कालपर्यंत नव्हते. झनकलालभाऊंनी बांधीत काहीही फवारलेले नाही.